कॅन्सरचे उपचार: तुमच्या घरी नेमकं कुठे अडलं?

मांजराकाठ (धागाकर्ती)
३ जून, रात्री १०:१५

आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि आठवड्यात गेली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, वय ४७. धाराशिव जिल्ह्यातलं आमचं गाव, घरची चार एकर, त्यातली दोन विहिरीखाली.

तिचे सगळे कागद परवा लावून ठेवले, तेव्हा तारखा एकाखाली एक दिसल्या आणि मला झोप लागेना. म्हणून लिहिते.

अंगावरून जायला लागलं तेव्हा ज्वारी पोटऱ्यात होती. बायोप्सीचा कागद हातात आला तेव्हा पेरण्या आटोपल्या होत्या. मधले सात महिने कुठे गेले? पहिला दीड महिना तिने कुणाला सांगितलंच नाही, मलासुद्धा नाही. सांगितल्यावर गावातल्या डॉक्टरांनी "पाळी जायचं वय आहे" म्हणून गोळ्या दिल्या. थांबलं, परत सुरू झालं, परत गोळ्या. मग तालुक्याला सोनोग्राफी. त्यात काही दिसलं नाही, आणि सोनोग्राफी चांगली म्हणजे सगळं चांगलं असं आम्ही धरलं. या चार महिन्यांत तिला एकाही डॉक्टरने आतून तपासलं नाही. टेबलावर घेऊन दोन मिनिटं बघितलं असतं तर गाठ डोळ्यांना दिसली असती, हे मला पुढे मोठ्या दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं.

निदान होईपर्यंत खिशातून २३ हजार गेले. ते कुठल्याच योजनेत बसले नाहीत, कारण आजाराचं नाव कागदावर येईपर्यंत योजना सुरूच होत नाही. नाव आलं, महात्मा फुले योजनेत मंजुरी मिळाली, आणि तिथून पुढे उपचाराला खरंच पैसे पडले नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते. लाईट (म्हणजे किरणांचे उपचार), केमो, सगळं फुकट झालं.

पण २५ लाईट म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे पाच आठवडे. त्यानंतर आतून द्यायचा किरणांचा शेक वेगळा. दवाखाना घरापासून दीडशे किलोमीटर. सोळा लाईट झाल्यावर महालक्ष्म्यांना तीन दिवस म्हणून घरी आली. दीर तापाने आडवे, म्हैस व्यायलेली, मी बाळंतपणाला माहेरी. तीन दिवसांचे बारा दिवस झाले. हा उपचार आठ आठवड्यांच्या आत संपायला लागतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही नाही. तिचा संपला अकराव्या आठवड्यात.

डॉक्टरांनी उपचारात कसूर केली असं मी म्हणत नाही. मला एवढंच विचारायचं आहे: तुमच्या घरी नेमकं कुठल्या पायरीवर अडलं? पैसा, अंतर, कागद, घरची माणसं, काहीही असो. मोघम नको, जिथे अडलं ती जागा लिहा. पुढच्या माणसाला निदान ती पायरी आधी दिसेल.

---

पिंपळपान
३ जून, रात्री ११:०२

वाचून सुन्न झालो. ताई, तुमच्या आक्कांना नमस्कार.

आमच्याकडे अडलं ते पहिल्या ऑपरेशनपाशी. वडिलांच्या मानेत गाठ होती. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात "चरबीची आहे" म्हणून अर्ध्या तासात काढली आणि फेकून दिली. तपासायला पाठवलीच नाही. पाच महिन्यांनी तिथेच दुसरी आली. तेव्हा पुढच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पहिल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?" आमच्याकडे फक्त बिल होतं.

शरीरातून काढलेली कुठलीही गाठ तपासायला जायलाच हवी. डॉक्टर पाठवत नसतील तर बरणीत घालून मागून घ्या आणि स्वतः लॅबला न्या.

---

निवासी_डॉक
४ जून, सकाळी ७:२०

पिंपळपान यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. कॅन्सर विभागात काम करते, म्हणून एक भर घालते.

बायोप्सी झाली की लॅबमध्ये दोन वस्तू तयार होतात: काचेच्या स्लाईड, आणि मेणात बसवलेला तुकडा, ज्याला ब्लॉक म्हणतात. मोठ्या रुग्णालयात नुसता रिपोर्ट चालत नाही, त्यांचे डॉक्टर स्लाईड आणि ब्लॉक स्वतः पुन्हा बघतात. विदर्भातून, खानदेशातून रात्रभर प्रवास करून आलेले लोक माझ्यासमोर बसतात, हातात रिपोर्टची झेरॉक्स. ब्लॉक आणायला त्यांना परत गावी पाठवताना मला फार वाईट वाटतं. त्या एका डबीपायी दहा-बारा दिवस जातात, कधी माणूस परत येतच नाही. ब्लॉकवर पेशंटचा हक्क आहे. लॅबला अर्ज देऊन सही करून घेता येतो. मुंबईची गाडी धरण्याआधी ही डबी पिशवीत आहे ना, हे बघा. सीटी किंवा एमआरआय झाला असेल तर त्याची सीडीही. नुसता कागद नको.

मांजराकाठ, आठ आठवड्यांचं तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये लाईट आणि आतला शेक मिळून ५६ दिवसांच्या आत बसवायचं असतं. हे पहिल्याच दिवशी पेशंटच्या भाषेत सांगणं आमचं काम आहे. ओपीडीत समोर दीडशे माणसं असतात आणि ते राहून जातं. मी सबब सांगत नाही. राहून जातं, आणि त्याची किंमत कोण देतं ते तुम्ही लिहिलंच आहे.

---

सरळरेष
४ जून, सकाळी ९:४५

कडवट वाटेल पण लिहितो. आपले लोक दुखणं अंगावर काढतात. सात महिने रक्त जातंय आणि घरात कुणाला कळू नये? सण महत्त्वाचा की उपचार? सरकारने पाच लाखांचं कवच दिलं, २०२४ च्या जुलैपासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही दिलं. आता निदान थोडी जबाबदारी माणसाने घ्यावी.

---

मांजराकाठ
४ जून, दुपारी १:३०

सरळरेष, तुम्ही सणाबद्दल लिहिलंत. महालक्ष्म्या आमच्या घरी उभ्याच्या असतात आणि आक्का थोरली सून होती. पण ती सणासाठी थांबली नाही. सण आटोपून चौथ्या दिवशी पिशवी भरून उंबऱ्यात बसली होती. सोबत कोण जाणार, हे ठरत नव्हतं. दीर तापात, पोरगा पुण्यात कंपनीत कंत्राटी, आठ दिवस सुट्टी घेतली तर काम जातं. बाईमाणूस एकटी कशी पाठवायची, म्हणून थांबवली. रजा नसलेल्या घरात आजारी माणसासोबत जाणारा दुसरा माणूस कुठून आणायचा? पाच लाखांच्या कवचात त्याची रोजी धरलेली नाही.

आणि दुखणं पहिल्यांदा दाखवलं तेव्हापासून निदानापर्यंत साडेपाच महिने गेले. त्या काळात ती पाच वेळा डॉक्टरांकडे गेली होती. पावत्या माझ्याकडे आहेत.

---

सरळरेष
४ जून, दुपारी ३:१०

पाच वेळा गेल्या होत्या हे माझ्या लक्षात आलं नाही. शब्द मागे घेतो. माफ करा.

---

आरोग्यवाट
४ जून, रात्री ९:००

मी बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर नर्स आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासणी आमच्या कामात आहे. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसतो का बघायचं. खर्च जवळजवळ शून्य.

बाया येत नाहीत, त्याचं कारण नुसती लाज नव्हे. माझ्या भागातल्या निम्म्या बाया दसरा झाला की ऊसतोडीला जातात, त्या पार मार्च-एप्रिलला येतात. शिबिरं लागतात डिसेंबर-जानेवारीत. गाव तेव्हा म्हाताऱ्यांचं असतं. फडावर नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, बाई दवाखान्यात गेली तर दोघांची मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल डोक्यावर राहते. गेल्या मार्चमध्ये एकीला डाग दिसला. चिठ्ठी लिहून जिल्ह्याला पाठवलं. ती चिठ्ठी तिने जपून ठेवली, देवाच्या फोटोमागे. "पुढच्या वारी जाते ताई." मी तीनदा घरी गेले, चौथ्यांदा स्वतः गाडीवर बसवून नेलं. सुदैवाने कॅन्सरआधीची पायरी होती, तिथल्या तिथे उपचार झाला.

मांजराकाठताई, तुमचाच जिल्हा म्हणून सांगते. गर्भाशयमुखाच्या तपासणीचा जगभर गाजलेला अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाला. १९९९ ला सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बाया होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा यांनी मिळून केला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही (हा कॅन्सर ज्याने होतो तो विषाणू) तपासणी केलेल्या गटात आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. २००९ मध्ये निकाल छापून आला, दुनियेने त्यावरून धोरणं बदलली. ती तपासणी आज तुमच्या गावच्या उपकेंद्रात मिळत नाही. हे लिहिताना मला त्रास होतो.

---

मांजराकाठ
४ जून, रात्री ९:४०

आक्का त्या वेळी विशीतली होती. तिला त्या अभ्यासात घेतलंही नसतं. पण सासूबाईंना आठवतं, जीपमधून बाया आल्या होत्या आणि शाळेत तपासणी झाली होती. त्या गेल्या होत्या.

---

कापूसवेच
६ जून, पहाटे ५:५०

वाचनमात्र असते, आज खातं उघडलं. आम्ही सध्या यातच आहोत.

आईच्या गालाचा कॅन्सर. मिश्री लावायची. मुंबईला ऑपरेशन झालं त्याला आज २४ दिवस झाले. आता ३० लाईट सांगितलेत, लवकर सुरू करा म्हणाले. आमचं गाव अंबड तालुक्यात, जालना जिल्हा. मुंबईत राहायला जागा नाही. ऑपरेशनच्या वेळी बाबा सहा रात्री फुटपाथवर झोपले, मी वॉर्डात. धर्मशाळेत नाव नोंदवलंय, नंबर लागलेला नाही. आई म्हणते, "कापून काढलंय ना, आता लाईट कशाला, घरी चल." बाबा काही बोलत नाहीत पण त्यांच्याही मनात तेच आहे, मला कळतं. काय करू?

---

निवासी_डॉक
६ जून, सकाळी ६:४०

कापूसवेच, लाईट टाळू नका. तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत लाईट सुरू व्हायला हवेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात, म्हणून देतात. आईला असं सांगून बघा: शेत नांगरलं तरी हरळीच्या काशा राहतात. तुमच्याकडे अजून अडीच आठवडे आहेत. जागेचं इथले लोक सांगतील.

---

यंत्रघर
६ जून, सकाळी ८:१५

मी रेडिओथेरपी तंत्रज्ञ आहे, सोळा वर्षं मशीनवर. कापूसवेच, तुम्ही मुंबईत जागा शोधताय. मी वेगळं सुचवतो: मुंबईतच लाईट घ्यायला हवेत का, हे त्यांना विचारा.

छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. जालन्याहून साठेक किलोमीटर. तिथे लाईटची मशीनं आहेत आणि महात्मा फुले योजना चालते. मुंबईच्या डॉक्टरांकडून तीन गोष्टी घ्या: ऑपरेशनचा सारांश, काढलेल्या भागाचा रिपोर्ट, आणि लाईट किती व कुठे द्यायचे याची चिठ्ठी. "गावाजवळ घ्यायचे आहेत, चिठ्ठी द्या" एवढं स्पष्ट म्हणा, ते देतात. रोज किती तरी देतात.

आणि दात! मशीनवर येण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं, हलणारे-किडलेले दात काढावे लागतात आणि ती जखम भरायला दहा-बारा दिवस लागतात. लाईट झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड सडू शकतं. म्हणून हे आजच करा, चिठ्ठीची वाट न बघता. लोकांचे दोन आठवडे नेमके इथे जातात.

थोडं अवांतर, पण सगळ्यांसाठी. "टाटाला गेल्याशिवाय समाधान नाही" हे मी रोज ऐकतो. टाटाबद्दल मला आदरच आहे, १९४१ पासून त्या परळच्या इमारतीने किती घरं सावरलीत. अवघड, दुर्मिळ आजार असेल, लहान मूल असेल, तर जावंच. सल्लाही एकदा घ्यावा. पण तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या नेहमीच्या लाईटला तीच पद्धत बार्शीत आहे, नागपुरात आहे, संभाजीनगरला आहे. माझा अनुभव असा की लांबच्या मोठ्या दवाखान्यात अर्धा सुटलेला उपचार, जवळच्या साध्या दवाखान्यात पूर्ण झालेल्या उपचारापेक्षा कधीही वाईट. मशीनच्या वहीत मला रोज रिकामे चौकोन दिसतात. पेशंट का आला नाही, हे विचारायला फोन करणारं माणूस बहुतेक ठिकाणी नेमलेलंच नाही. आमच्याकडे मी करतो. दहातले चारेक जण परत येतात.

स्तनाच्या कॅन्सरवाल्यांनी हेही विचारावं: ऑपरेशननंतरचे लाईट पाच आठवड्यांऐवजी तीन आठवड्यांत, १५ बैठकांत देता येतील का? बऱ्याच जणींना चालतात, आणि दोन आठवड्यांचं भाडं-मजुरी वाचते.

---

परळनाका
६ जून, सकाळी १०:३०

मुंबईतच राहावं लागणाऱ्यांसाठी. मी परळला राहतो, अकरा वर्षं शनिवारी तिथे नातेवाइकांना मदत करतो.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड. सगळीकडे रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते. पहिल्याच दिवशी, फाईल काढली की लगेच, त्या विभागात जा. लोक जातात ते पैसे संपल्यावर. सेंट ज्यूडमध्ये मूल आणि आईवडील उपचार संपेपर्यंत राहतात, पैसे घेत नाहीत. २००६ ला हे सुरू होण्याआधी किती तरी मुलं उपचार अर्धा टाकून गावी जायची.

रेल्वे: कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण माफी आहे, सोबतच्याला ७५ टक्के. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, तो घेऊन तिकीट खिडकीवर जायचं. एसटीतही सवलत आहे. गेल्या शनिवारी नंदुरबारचं एक जोडपं भेटलं, आठ फेऱ्या पूर्ण तिकीट काढून केलेल्या. कुणी सांगितलंच नाही.

---

कोथरूड_खिडकी
६ जून, रात्री १०:२०

मध्यमवर्गीयांचंही लिहावं का असा विचार करत होते. आमच्यासमोर फुटपाथ नव्हता, त्यामुळे संकोच वाटतो. पण ताईंनी पायरी विचारली आहे.

माझा स्तनाचा कॅन्सर, हर-टू प्रकारचा. त्याला दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, वर्षभर. विमा होता पाच लाखांचा, तो ऑपरेशन आणि केमोतच संपला. सातव्या इंजेक्शनला मी नवऱ्याला म्हटलं, पुरे आता. त्याच दिवशी केमोच्या खोलीत शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्ही बायोसिमिलर का घेत नाही?" मला शब्दच माहीत नव्हता. तेच औषध, भारतीय कंपन्यांनी बनवलेलं, किंमत बरीच कमी. डॉक्टरांना विचारल्यावर म्हणाले, चालेल की. आधी का नाही सांगितलं? तर तुम्ही विचारलं नाहीत.

दुसरं, धर्मादाय नोंदणीच्या मोठ्या खाजगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना आहे. काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. "धर्मादाय योजनेचे समाजसेवक कोण?" असं नेमकं विचारायचं.

---

मांडवीपार
७ जून, सकाळी ११:००

आमच्या सिंधुदुर्गातून सावंतवाडी-दोडामार्गचे लोक गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, कारण कोल्हापूरसुद्धा घाट चढून. राज्याची हद्द ओलांडली की कार्ड, योजना, सगळ्याचे प्रश्न नव्याने. आजाराला सीमा कळत नाही.

माझी भर वेगळी आहे. काकांचा आजार बरा होण्यासारखा नव्हता. तीन आठवडे ते वेदनेने ओरडायचे आणि आम्हाला वाटायचं, कॅन्सर म्हणजे असंच. मॉर्फिनची गोळी असते, स्वस्त असते, पण औषधांच्या दुकानात मिळेना. अमली पदार्थांच्या कायद्याच्या भीतीने दुकानदार ठेवतच नाहीत. २०१४ मध्ये कायदा सोपा केला तरी तीच भीती. शेवटी रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागातून मिळाली. काका पहिल्या रात्री सलग सहा तास झोपले. काकू घाबरून श्वास बघत बसली होती. "आता काही करता येत नाही" असं सांगून घरी पाठवलं, तरी हा विभाग शोधा.

---

आरोग्यवाट
७ जून, दुपारी २:१५

मांडवीपार, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. आमच्या जिल्ह्यातही हीच गत.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कॅन्सर डेकेअर सुरू करायची घोषणा झाली आहे. केमोची एक बाटली लावायला माणसाने रात्रीची एसटी धरायची, हे तरी थांबेल. मी वाट बघतेय.

---

कापूसवेच
४ जुलै, संध्याकाळी ७:१०

सगळ्यांना, विशेषतः यंत्रघर दादांना.

चिठ्ठी मिळाली. मागितल्यावर डॉक्टरांनी पाच मिनिटांत लिहून दिली. आईचे चार दात काढले, त्याच आठवड्यात. १७ जूनला संभाजीनगरला पहिला लाईट झाला, ऑपरेशनपासून ३५ वा दिवस. दवाखान्याजवळ एक खोली घेतली, परभणीच्या एका घरासोबत वाटून. त्यांचे आजोबा आणि माझी आई दोघांची वेळ एकच आहे, त्यामुळे दोघांना मिळून एक सोबत पुरते. एक दिवस मी, एक दिवस त्यांची सून. बाबा गावी आहेत, सरकी टोबली त्यांनी.

तोंड आलंय, तिखट-मीठ लागत नाही, नाकातून नळी आहे. मधे बुधवारी मशीन बिघडलं, दुसऱ्या दिवशी सुरू झालं. मी विचारलं, तेव्हा शनिवारी बोलावून तो दिवस भरून दिला.

परवा आषाढी. आईची दिंडी यंदा पहिल्यांदा चुकली. डॉक्टरीणबाईंनी उपास धरायचा नाही म्हणून बजावलंय. आई वहीवर लिहून दाखवते, कारण बोलायला दुखतं: "नळीतून दूधच जातंय, उपासच आहे की."

आज चौदावा लाईट झाला. सोमवारी पंधरावा, म्हणजे निम्मे.

---

मांजराकाठ
४ जुलै, रात्री ८:०५

बाई, सोमवारी झाला की इथे लिही. आणि पुढचा प्रत्येक. मी बघत असते.